तेजोमेघ झकास, तारे पांढरेफटक

सिंहस्थाच्या तयारीच्या बातम्या आता रोजच्याच झाल्या आहेत. रस्ते, घाट, पूल, साधुग्राम आणि या सगळ्यावर लागणारे दिवे. दिव्यांबद्दल कुरकुर करणारा माणूस आपल्याकडे विघ्नसंतोषी ठरतो. अंधार म्हणजे चोऱ्यामाऱ्या आणि लखलखाट म्हणजे विकास, हे आपण कधीचेच ठरवून टाकले आहे. तरीही नवा हायमास्ट दिसला की जिच्या पोटात गोळा येतो, अशी एक छोटी जमात नाशिकमध्ये आहे. थंडी पडली की गच्चीवर ट्रायपॉड रोवायचा, दव पडते म्हणून लॅपटॉपवर जुनी शाल टाकायची आणि मृगातल्या तेजोमेघाचे फोटो काढत रात्र घालवायची, असा या मंडळींचा उद्योग. शहराच्या उजेडावर त्यांनी तोडगाही काढलेला आहे. मला बोलायचे आहे ते या तोडग्याबद्दल, कारण त्याने तेजोमेघ वाचतो आणि ताऱ्यांचा बळी जातो.

तोडगा म्हणजे ड्युअल-बँड फिल्टर. दुर्बीण आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसवायची एक छोटी गोल काच. प्रकाशाच्या दोनच अरुंद पट्ट्या ती आत सोडते. एक ६५६.३ नॅनोमीटरच्या आसपासची हायड्रोजनची लाल आणि दुसरी ५००.७ च्या आसपासची ऑक्सिजनची निळसर हिरवी. मृगातला तेजोमेघ मुख्यतः याच दोन रंगांत चमकतो. रस्त्यावरच्या एलईडीचा प्रकाश निळ्यापासून लालपर्यंत पसरलेला असतो, म्हणून त्यातला बहुतेक दारातच अडतो. मग कॉलेज रोडच्या गच्चीवरून काढलेला फोटो पेठ-सुरगाण्याच्या माळावरून काढल्यासारखा दिसतो. 'सीस्टार'सारख्या नव्या स्मार्ट दुर्बिणींत तर हा फिल्टर आतच असतो. मोबाइलवर बोट टेकवले की झाले.

ताऱ्याचे गणित मात्र वेगळे. त्याचा प्रकाश सलग असतो, सगळे रंग थोडेफार त्यात असतातच, आणि निळ्या टोकाकडे किती व लाल टोकाकडे किती या तोलावर त्याचा रंग ठरतो. फिल्टर दोन्ही टोके छाटतो. उरलेल्या दोन चकत्यांवरून ताऱ्याचा मूळ रंग सांगणे जवळपास अशक्य. म्हणून या फोटोंत तारे पांढरेफटक तरी दिसतात, नाहीतर सगळेच्या सगळे गुलाबी, कडेला हिरवट कंगोरा असलेले. कृत्तिकांची तर आणखी पंचाईत. त्यांच्याभोवतीचे निळे धुके म्हणजे धूळ. तिला स्वतःचा उजेड नाही, ती शेजारच्या ताऱ्यांचा निळा प्रकाश परतवते. फिल्टर लावला की ताऱ्यांबरोबर हे धुकेही विझते.

'तेजोमेघ आला ना, तारे काय, ठिपकेच तर आहेत' असे यावर म्हटले जाते. मला हे अजिबात पटत नाही. अशा फोटोत छायाचित्रकाराला हटकून पकडता येते ते ताऱ्यांपाशीच. तेजोमेघाचा लाल किती गडद ठेवायचा हा बराचसा आवडीचा प्रश्न आहे. हबल दुर्बिणीतून जेफ हेस्टर आणि पॉल स्कोवेन यांनी १९९५ मध्ये टिपलेले 'निर्मितीचे स्तंभ' सर्वांनी पाहिले आहेत. त्यात गंधकाला लाल, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा रंग दिला होता. हायड्रोजन खरा तांबडा, पण कुठला वायू कुठे आहे हे कळावे म्हणून जाणूनबुजून केलेली ती वाटणी होती. त्यात फसवणूक काहीच नाही. ताऱ्याचा रंग असा वाटून देता येत नाही. तो त्याच्या पृष्ठभागाच्या तापमानाने ठरतो.

मृगातच पाहा ना. काक्षी सुमारे ३,५०० केल्विनचा, म्हणून फिकट नारिंगी. राजन्य सुमारे १२,००० केल्विनचा, म्हणून निळसर पांढरा. फिकट आणि निळसर हे शब्द महत्त्वाचे आहेत. डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल काक्षी दिसला, तर कोणीतरी स्लायडर नको तितका ओढला आहे असे खुशाल समजा. हिरवा तारा तर डोळ्यांना दिसतच नाही. ज्याचा प्रकाश हिरव्यात सर्वाधिक, त्याच्याकडून लाल आणि निळाही भरपूर येतो आणि सगळे मिळून पांढरेच दिसते. आपला सूर्य त्यातलाच. फोटोत हिरवे किंवा जांभळे तारे असतील, तर ते आकाशातून आलेले नाहीत, लॅपटॉपमधून आले आहेत.

तेजोमेघाचा रंग 'आवडीचा' म्हणालो खरा, पण त्यातल्या हिरव्या रेषेला एक इतिहास आहे आणि तो पुण्यातून जातो. या विषयातले माझे हे सर्वांत लाडके प्रकरण असल्यामुळे वाचकांनी थोडे सोसावे.

१८६४ मध्ये विल्यम हगिन्स यांनी कालेय तारकासमूहातल्या एका तेजोमेघाचा प्रकाश वर्णपटदर्शकातून पाहिला. इंद्रधनुष्यासारखा सलग पट्टा न दिसता मोजक्या झळझळीत रेषा दिसल्या, आणि त्यांतली सर्वांत ठळक हिरवी होती. मृगातल्या तेजोमेघातही तीच. ती पृथ्वीवरच्या कुठल्याच मूलद्रव्याशी जुळेना, तेव्हा 'नेब्युलियम' नावाचे नवे मूलद्रव्यच कल्पून झाले. नॉर्मन लॉकयर यांचे म्हणणे निराळे होते. तेजोमेघ म्हणजे एकमेकांवर आपटणाऱ्या उल्कांचे थवे आणि ही रेषा म्हणजे मॅग्नेशियमच्या पट्ट्याची कड, असे त्यांचे मत. ते खरे असते तर रेषा एका बाजूला पुसट होत गेलेली दिसायला हवी होती. हगिन्स म्हणत, ती धारदार आहे. दोघेही मातब्बर, वाद चिघळला.

इकडे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवणाऱ्या कावसजी दादाभाई नायगामवाला यांच्या वेधशाळेसाठी भावनगरच्या महाराजा तख्तसिंगजींनी १८८२ मध्ये पाच हजार रुपये दिले होते आणि मुंबई सरकारने तेवढीच भर घातली होती. नायगामवाला विलायतेला गेले, उपकरणे आणि सल्ला यांसाठी लॉकयर यांनाच भेटले, आणि १८८८ मध्ये पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीत, महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली. तिथली ग्रब कंपनीची वीस इंची परावर्तक दुर्बीण तेव्हा भारतात सर्वांत मोठी होती. ती त्यांनी मृगातल्या तेजोमेघावर लावली. रेषा तपासली आणि १८९१ मध्ये रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मासिकातून कळवले, की कुठल्याही परिस्थितीत पाहिली तरी रेषा धारदारच दिसते. म्हणजे ज्यांचा सल्ला घेऊन वेधशाळा उभारली त्या लॉकयर यांच्या मताच्या अगदी विरुद्ध. पुढे २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला त्यांनी तळ ठोकला होता. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. पुण्यात आज किती जणांना हे ठाऊक असेल, कोण जाणे.

रेषेचे कोडे १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी सोडवले. नेब्युलियम वगैरे काही नाही. दोन इलेक्ट्रॉन गमावलेला साधा ऑक्सिजनच, पण इतक्या विरळ वायूतला की अणू एकमेकांवर आदळण्याआधी त्याला निवांत प्रकाश सोडता येतो. त्या रेषेची तरंगलांबी ५००.७ नॅनोमीटर. आज नाशिकच्या गच्चीवरच्या फिल्टरमध्ये जी दुसरी खिडकी कोरलेली असते, ती हीच. आणखी एक गंमत म्हणजे अंधारात काम करणाऱ्या आपल्या डोळ्यातल्या पेशीही साधारण याच टापूत सर्वाधिक संवेदनशील असतात. मोठ्या दुर्बिणीतून मृगाचा तेजोमेघ डोळ्यांना हिरवट राखाडी दिसतो, लाल नाही, तो त्यामुळेच. 'नैसर्गिक रंग' म्हणताना कोणाचा निसर्ग, डोळ्याचा की सेन्सरचा, हे एकदा ठरवून घेतलेले बरे. मी ताऱ्यांपुरते तापमानाचा निसर्ग मानतो.

मग ताऱ्यांचा रंग टिपायचा कसा? पहिला शत्रू म्हणजे लांब एक्स्पोजर. चौदा बिटच्या कॅमेऱ्यात एका पिक्सेलचा कमाल आकडा १६,३८३. तेजोमेघासाठी तीन मिनिटांची फ्रेम घेतली की ठळक ताऱ्याच्या मध्यावर लाल, हिरवा, निळा तिन्ही या कमालीला जाऊन टेकतात. तिन्ही समान म्हणजे पांढरा. एकदा असे झाले की कुठलेही सॉफ्टवेअर तो रंग परत आणू शकत नाही, कारण तो नोंदलाच गेलेला नसतो. कर्सर ताऱ्याच्या मध्यावरून कडेला सरकवत नेला तर दोन-तीन पिक्सेलच्या कड्यात काय तो रंग उरलेला सापडतो.

दुसरा शत्रू जास्त कपटी. कॅमेऱ्यातून आलेला कच्चा फोटो जवळजवळ काळा असतो, तो ताणून उजळावा लागतो. समजा एका नारिंगी ताऱ्याचे आकडे लाल ०.०४, हिरवा ०.०३, निळा ०.०२ आहेत. लाल निळ्याच्या दुप्पट. उजळण्यासाठी प्रत्येकाचे चौथे मूळ घेतले तर ०.४४७, ०.४१६ आणि ०.३७६ मिळतात. दुपटीचा फरक एकोणीस टक्क्यांवर आला. तारा उजळला आणि त्याच झटक्यात फिका पडला. यावर रॉबर्ट लप्टन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये उपाय मांडला. तिन्ही रंग वेगवेगळे न ताणता एकूण तेज ताणायचे आणि रंगांचे गुणोत्तर जसेच्या तसे ठेवायचे. सॉफ्टवेअरमध्ये 'आर्कसिंह' नावाने जे बटण असते, ते या घराण्यातले. हौशी लोकांच्या हातातले सर्वांत प्रामाणिक बटण तेच, असे माझे मत.

म्हणून जाणकार मंडळी आता दुहेरी कारभार करतात. तेजोमेघ फिल्टर लावून, मिनिटामिनिटांच्या फ्रेमांत. मग फिल्टर काढून त्याच जागेचे पंधरा-तीस सेकंदांचे छोटे शॉट, फक्त ताऱ्यांसाठी. 'स्टारनेट'सारख्या प्रोग्रॅमने दोन्हींतून तारे वेगळे काढायचे, फिल्टरवाले टाकून द्यायचे, बिनफिल्टरचे तेजोमेघावर बसवायचे. पण बसवण्याआधी 'सिरिल' किंवा 'पिक्सइनसाइट'मध्ये रंग जुळवून घ्यायचे. सॉफ्टवेअर फोटोतला एकेक तारा ओळखते आणि युरोपच्या 'गाया' यानाने मोजलेल्या त्याच ताऱ्याशी ताडून पाहते. गायाच्या २०२२ च्या तिसऱ्या यादीत सुमारे २२ कोटी ताऱ्यांचे वर्णपट आहेत. 'मला असाच दिसला' हे म्हणायला मग जागा उरत नाही.

याला 'जोडकाम' म्हणून नाक मुरडणारेही आहेत. त्यांच्याशी माझे भांडण नाही, एकच विचारायचे आहे. फिल्टरने खोटे पाडलेले तारे ठेवणे हे शुद्ध आणि त्याच रात्री, त्याच दुर्बिणीतून टिपलेले खरे तारे बसवणे हे अशुद्ध, हा न्याय कुठला? त्याहून वाईट म्हणजे तारे पूर्ण पुसून नुसता तेजोमेघ मिरवण्याची नवी टूम. दिसतो देखणा. पण ज्या ताऱ्यांच्या अतिनील किरणांनी तो वायू पेटला आहे, त्यांनाच चित्रातून हाकलायचे!

ज्यांच्याकडे यातले काहीच नाही, त्यांच्यासाठी ऑस्ट्रेलियात काम केलेले छायाचित्रकार-वैज्ञानिक डेव्हिड मालिन यांची युक्ती आहे. साधा कॅमेरा स्टँडवर मृगाकडे रोखायचा, शटर उघडे ठेवायचे आणि तारे सरकत असताना ठरावीक वेळाने फोकस थोडाथोडा बिघडवत जायचे. रेघ रुंदावत जाते, प्रकाश पसरतो, पिक्सेल तुंबत नाहीत आणि काक्षीचा नारिंगी, राजन्यचा निळा पट्ट्यांत उमटतो. दिव्यांच्या उजेडात तासभर शटर उघडे ठेवता येत नाही, म्हणून नाशिककरांनी छोट्या फ्रेमा घेऊन त्या जोडाव्यात.

दिवस मात्र बघून ठरवावा. निफाडचा पारा उतरतो तेव्हा आकाश स्वच्छ असते खरे, पण त्याच रात्री द्राक्षबागा वाचवण्यासाठी शेकोट्या पेटतात आणि क्षितिजाजवळ धूर साचतो. धूर निळा रंग आधी खातो, तेव्हा मृग डोक्यावर येईपर्यंत थांबावे. धनु राशीतले लगून आणि ट्रिफिड तेजोमेघ मध्यरात्री माथ्याकडे येतात ते जूनच्या अखेरीस, म्हणजे आपल्याकडे ऐन पावसात. त्यांच्यासाठी मार्च-एप्रिलमध्ये पहाटे तीनला उठण्यावाचून इलाज नाही. ट्रिफिड तर मुद्दाम बिनफिल्टरचाच घ्यावा. त्याचा एक भाग हायड्रोजनचा लाल आणि लगतचा भाग धुळीने परतवलेला ताऱ्याचा निळा आहे, आणि फिल्टर लावला तर यातला निळा अर्धा भाग फोटोत येतच नाही.