इतिहासात बी.ए. झालं, आता पुढे काय?



निकाल लागले की दिंडोरी परिसरातली मुलं-मुली आमच्याकडे एकच प्रश्न घेऊन येतात: इतिहासात बी.ए. झालं, आता नोकरी कुठे? काहींनी तोवर द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये नाहीतर कंपनीत कंत्राटी काम धरलेलं असतं. याचं सरळ उत्तर असं की नुसत्या पदवीवर नोकरी नाही. पण पदवीला एक कौशल्य जोडलं तर कामं आहेत, आणि त्यातली काही कामं आपल्या माणसांनीच करायला हवीत.

कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांचा जन्म १९०२ मध्ये याच तालुक्यातल्या आंबे गावी झाला. १९३० च्या काळाराम मंदिर सत्याग्रहाची धुरा त्यांनी वाहिली. बाबासाहेबांनी त्यांना लिहिलेली पत्रं जपली गेली, म्हणून त्या लढ्याचा आतला तपशील आज आपल्याला कळतो. नाशिकच्या त्रिरश्मी बुद्ध लेणीत मुगुदास नावाच्या कोळ्याच्या दानाची नोंद आहे. तिथेच उषवदाताने गोवर्धनच्या विणकर श्रेणींकडे तीन हजार कार्षापण ठेवले आणि त्याच्या व्याजातून भिक्खूंची सोय केली, असंही कोरलेलं आहे. हे वाचणारी, जपणारी आणि लोकांना सांगणारी माणसं लागतात.

शिक्षकी पेशा

सर्वात ओळखीची वाट हीच. सहावी ते आठवीसाठी बी.एड. आणि टीईटी, नंतर अभियोग्यता चाचणी आणि पवित्र पोर्टलवरून भरती, असा क्रम आहे. पहिली ते पाचवीसाठी बी.एड. चालत नाही, डी.एल.एड. लागतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे. त्यामुळे आधी कोणते वर्ग शिकवायचे ते ठरवा, मगच फी भरा. वरिष्ठ महाविद्यालयासाठी एम.ए. आणि नेट किंवा सेट हवी. अनुसूचित जातींना एम.ए.च्या गुणांत सवलत आहे. मात्र सेट झाल्यावरही अनेकांना वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर शिकवावं लागतं. हातात दुसरं कौशल्य ठेवूनच या वाटेला जा.

मोडी आणि जुनी कागदपत्रं

या वाटेकडे आपली मुलं फारशी वळत नाहीत. जातपडताळणीसाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. तो बहुतेक वेळा आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या दाखल्यात किंवा कोतवाल बुकातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदीत सापडतो. जुन्या नोंदी पुष्कळदा मोडीत असतात. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना किती मागणी आहे ते सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. राज्याचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं. सराव केला तर काही महिन्यांत हात बसतो. काम कागदागणिक मिळतं, त्यामुळे पगाराची हमी नाही. पण घरी राहून करता येतं आणि वस्तीतल्या कुटुंबांचे अडलेले दाखले सुटतात. एम.ए. झालेल्यांना दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात अभिलेख व्यवस्थापनाची एक वर्षाची पदविकाही करता येते.

पुरातत्त्व, पाली आणि लेणी

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वात एम.ए. करता येतं. नाण्यांची आवड असेल तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, एकदा जाऊन या. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात पाली व बौद्ध अध्ययनाचा विभाग आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये पालीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्याने उद्याच जागा निघतील असं नाही, पण या विषयात आधी तयार झालेल्यांना फायदा होईल. पाली किंवा ब्राह्मी आणि त्यासोबत इंग्रजी किंवा जपानी बोलता आलं, तर लेण्यांवर मार्गदर्शक म्हणूनही काम करता येतं.

स्पर्धा परीक्षा

२०२५ पासून राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे आणि वैकल्पिक विषयांत इतिहास आहे. उत्तरं लिहायची सवय असलेल्याला याचा उपयोग होतो. बार्टीच्या प्रशिक्षणाच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. पण किती वर्षं द्यायची ते घरच्यांशी बोलून आधीच ठरवा आणि त्या काळात बी.एड. किंवा मोडी पदरात पाडून घ्या.

आधी कागद, मग अर्ज

जातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्र हातात नसल्याने संधी हुकलेली मुलं आम्ही पाहिली आहेत. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या, पण केंद्राच्या भरतीत दाखला केंद्राच्या नमुन्यातलाच लागतो. तो वेगळा काढून ठेवा. पुढे शिकताना वसतिगृह मिळालं नाही तर स्वाधार योजनेसाठी अर्ज करा.

एक गोष्ट मात्र सगळ्यांनी मिळून विचारायला हवी. अनुसूचित जातींच्या मुलांसाठी केंद्राची परदेशी शिष्यवृत्ती आहे. २०२२ मध्ये तिच्यातून भारताचा इतिहास, संस्कृती आणि वारसा हे विषय वगळले गेले. आपल्या मुलांनी परदेशात काहीही शिकावं, फक्त स्वतःचा इतिहास शिकू नये, याचा अर्थ काय घ्यायचा? हा प्रश्न खासदारांपुढे मांडण्याचं काम कार्यकर्त्यांनी करावं.

बी.ए. झालेल्यांनी या महिन्यात दोनच कामं करावीत. घरातले १९५० पूर्वीचे कागद शोधून त्यांच्या प्रती काढाव्यात, आणि वरच्या वाटांपैकी एक निवडून तिथे नाव नोंदवावं.