भिवापूरची चव आणि नावाची पत

नागपूरहून उमरेडमार्गे आग्नेयेकडे निघाले की सुमारे पाऊणशे किलोमीटरवर भिवापूर लागते. नागपूर जिल्ह्याच्या टोकावरचे हे तालुक्याचे गाव. पूर्वेला वैनगंगेच्या काठचे प्राचीन पवनी, तर पुढे चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड. नागपूरकडचा कापूस आणि सोयाबीन हळूहळू मागे पडतात व धानाच्या बांध्या दिसू लागतात. २०१२ मध्ये घोषित झालेल्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याचा काही भागही याच तालुक्यात येतो. शेत, जंगल आणि बाजार असे तिघे येथे शेजारी म्हणून नांदतात.

बाहेरच्या जगाला भिवापूर ठाऊक आहे ते मिरचीमुळे. परंतु एखाद्या गावाचे नाव एका जिनसेला चिकटते, तेव्हा त्यामागे त्या मुलखाची बोली असते, सणवार असतात, स्वयंपाकघर असते आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवहार असतो. व्यापार करणाऱ्या आपल्या समाजाने हा सगळा ऐवज नीट पाहून ठेवणे अगत्याचे आहे. कारण त्यातील बराचसा आपल्याच दुकानातून आणि आपल्याच चुलीवरून जात आला आहे.

दोन बोलींच्या सीमेवर

ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नागपुरी बोलीची स्वतंत्र नोंद आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या झाडीपट्टीत जी बोलली जाते ती झाडीबोली. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी तिच्या अभ्यासासाठी आयुष्य वेचले. भिवापूर नेमके या दोहोंच्या सीमेवर असल्याने येथील बोलण्यात दोन्हींचे रंग मिसळतात.

झाडीबोलीत ‘ण’चा ‘न’ होतो आणि ‘ळ’चा ‘र’. डोळ्याला ‘डोरा’, काळ्याला ‘कारा’, लाखोळीला ‘लाखोरी’. नागपुरी ढंगाचा मनुष्य ‘जात आहे’ म्हणत नाही, ‘जाऊन राहिला’ म्हणतो. शेताला वावर, बैलगाडीला बंडी, शेतकऱ्याला कास्तकार, मुलाला पोट्टा आणि कोथिंबिरीला सांभार. पुण्याकडची सून प्रथमच या बाजूला आली आणि सासूने ‘सांभार निवडून ठेव’ असे सांगितले, तर ती डाळ शिजवायला घेईल, असा विनोद अनेक घरांत ऐकू येतो.

धानाच्या शेतीने या बोलीला स्वतःचा शब्दकोश दिला आहे. रोपांना पऱ्हे, लावणीला रोवणा, कापलेल्या धानाच्या गंजीला पुंजणे, मळणीला चुरणा. यातील प्रत्येक शब्दामागे पिकाची एक अवस्था आहे आणि त्या अवस्थेची उधारी-उसनवारीही आहे. जुन्या दुकानदारांना ‘रोवण्यावर देतो’ आणि ‘चुरण्यावर देतो’ या दोन वायद्यांतील अंतर कॅलेंडर न पाहता समजत असे. पीककर्जाची कागदपत्रे पाहण्यात माझी बरीच वर्षे गेली. परतफेडीची तारीख छापील अर्जात इंग्रजी महिन्याने लिहिली जाई. कास्तकाराच्या मनात मात्र ती चुरण्याच्या दिवसांशीच बांधलेली असे.

मारवाड, गुजरात, बुंदेलखंड येथून आलेली जैन कुटुंबे आणि मूळचीच मराठी असलेली सैतवाळ मंडळी विदर्भाच्या गावोगावी स्थिरावली. घरात मारवाडी, गुजराती किंवा बुंदेली आणि गल्ल्यावर अस्सल नागपुरी, अशी दुहेरी भाषा त्यांच्या जिभेवर रुळली. गिऱ्हाइकाचा शब्द समजल्याखेरीज गिऱ्हाइकाची गरज समजत नाही, ही त्यामागची साधी व्यापारनीती होती.

पोळा, बोजारा आणि मंडई

श्रावण अमावास्येचा पोळा हा या मुलखाचा मोठा सण. आदल्या दिवशी बैलांची खांदशेकणी होते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. लहान मुले लाकडी बैल सजवून घरोघर, दुकानोदुकानी फिरतात आणि त्यांना खाऊ किंवा पैसे मिळतात. या भेटीला ‘बोजारा’ असा गोड शब्द आहे. त्याच दिवशी गावातील रोगराई आणि पीडा घेऊन जाण्यासाठी मारबत गावाबाहेर नेली जाते. नागपुरातील काळी आणि पिवळी मारबत प्रसिद्ध आहे. खेड्यांत ती साध्या रूपात असते.

श्वेतांबर पर्युषणाचे आठ दिवस श्रावण वद्य बारस-तेरसेपासून सुरू होतात. म्हणजे पोळा बहुधा पर्युषणातच येतो, आणि तान्हा पोळ्याच्या दिवशी अनेक उपाश्रयांत महावीर जन्मवाचन असते. आत स्वप्नांची बोली चालू आहे आणि बाहेर ओट्यावर शेजारची पोट्टी लाकडी बैल घेऊन उभी आहेत, असा योग या भागातील कुटुंबांना नवा नाही. उपवास असला तरी बोजाऱ्याची सुटी नाणी आजीने आधीच बाजूला काढलेली असतात.

दिवाळीच्या पाडव्याला गायगोधन असते व गोवारी समाजाची ढाल निघते. भाऊबीजेनंतर मंडया सुरू होतात. प्रत्येक गावाचा मंडईचा दिवस ठरलेला. लेकीबाळी माहेरी येतात, सोयरिकी जुळतात, दुकाने लागतात आणि रात्री दंडार किंवा नाटक रंगते. झाडीपट्टीच्या नाटकमंडळ्यांचे केंद्र गडचिरोली जिल्ह्यातील वडसा हे असले, तरी त्यांचा प्रेक्षक या सर्व पट्ट्यात पसरलेला आहे.

तिथीला सोयीचे स्वयंपाकघर

वैदर्भीय जेवण म्हणजे केवळ जाळ, असा समज बाहेर रूढ आहे. प्रत्यक्षात या स्वयंपाकघराचा खरा आधार डाळ आणि बेसन हा आहे. उन्हाळ्यात हिरवी भाजी दुर्मीळ होते, तेव्हा कोठीतील कोरड्या जिनसांवर घर चालविण्याची कला येथील गृहिणींनी पूर्णत्वाला नेली.

वडाभात पाहा. भिजवून भरड वाटलेल्या मिश्र डाळींचे वडे तळायचे, वाफाळत्या भातावर ते कुस्करायचे आणि हिंग-मोहरी व अख्ख्या लाल मिरच्यांची कडकडीत फोडणी वरून घालायची. गोळाभातात हरभरा डाळीच्या भरड पिठाचे गोळे भातातच वाफवले जातात. पाटोडीत बेसन शिजवून थापायचे, वड्या पाडायच्या आणि झणझणीत रश्श्यात सोडायच्या. सांभारवडी हिवाळ्यातली, कोथिंबीर, सुके खोबरे आणि खसखस यांचे सारण भरलेली.

यातील वडाभात आणि गोळाभात कांदा-लसणावाचून मुळातच पूर्ण आहेत. पाटोडीचा रस्साही भाजलेले खोबरे, तीळ आणि खसखस यांच्या वाटणाने उत्तम दाटतो. कंदमुळे नकोत आणि आठम-चौदशीला हिरवी भाजीही नको, अशा घराला हे पदार्थ जणू आयते मिळाले. मारवाडातील गट्ट्याची भाजी करणारी सून पाटोडीला परकी मानण्याचे कारणच नव्हते. कढीगोळे करताना आपल्याकडे ताक आधी तापवून मग त्यात बेसन घालतात. द्विदलाचा दोष टाळण्यासाठी केलेला एवढाच फरक. रोडग्यांच्या पंगतीत इतरांच्या पानावर वांग्याची भाजी असते, तर बहुबीज वर्ज्य करणाऱ्यांच्या पानावर घट्ट वरण. निखाऱ्यावर भाजलेला रोडगा मात्र सर्वांचा एकच.

लाखोळीचा धडा

धान उभे असतानाच बांधीतील ओलीवर लाखोळी फेकून पेरतात. नांगरट नाही, वेगळे पाणी नाही. गरिबांची ही डाळ पूर्व विदर्भात वडे, वरण, बेसन अशा अनेक रूपांत खाल्ली जाते. दुष्काळात दुसरे काहीच न मिळता दीर्घकाळ केवळ लाखोळीवर राहिल्यास पायांचा पांगळेपणा येतो, या कारणाने १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली. नागपूरचे डॉ. शांतीलाल कोठारी यांनी या बंदीविरुद्ध वर्षानुवर्षे लढा दिला, उपोषणे केली. महाराष्ट्र शासनाने २००८ मध्ये राज्यातील बंदी उठविली. दरम्यान रतन, प्रतीक, महातिवडा असे अत्यल्प विषद्रव्याचे वाणही संशोधकांनी विकसित केले.

बंदीच्या काळातही लाखोळी पिकत होती आणि विकली जात होती. फक्त स्वतःच्या नावाने नव्हे. तुरीच्या डाळीत आणि हरभऱ्याच्या बेसनात ती मिसळली जाई. जी वस्तू स्वतःच्या नावाने विकली असता अन्न ठरते, तीच दुसऱ्याच्या नावाने विकली की भेसळ होते. मिरचीकडे वळण्यापूर्वी हा धडा ध्यानात असावा.

सातऱ्यावरची लाली

मिरची ही भारताची मूळ वस्तू नव्हे. अमेरिका खंडातून निघून सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर ती आपल्याकडे आली; पूर्वेकडील बेटांवरही पोहोचली आणि तेथील सांबालचा प्राण झाली. आपण तिला मिऱ्याच्या नावावरून मिरची म्हटले. भिवापूरच्या मातीत तिला जाड साल, गडद लाल रंग आणि भरपूर तिखटपणा लाभला. ब्याडगी रंगासाठी घ्यावी, पण ती सौम्य. येथे रंग आणि तिखटपणा दोन्ही एकत्र मिळतात.

पावसाळ्यात रोप लागते, हिवाळ्यात लाल तोडे सुरू होतात आणि सातरे गजबजतात. सातरा म्हणजे मिरची वाळविण्याचे व तिचे देठ खुडण्याचे मोकळे आवार. शेकडो स्त्रिया येथे ओळीने बसून देठ खुडतात, मजुरी किलोवर. हाताची आग होते, डोळ्यांची होते, घरी गेल्यावर तान्ह्या लेकराला जवळ घेणेही अवघड जाते. मिरचीच्या भावाची चर्चा करताना या हातांचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही. सावली, पाणी, हातमोजे आणि चोख मजुरी एवढे तरी प्रत्येक सातऱ्यावर असलेच पाहिजे.

पूर्वी नागपूर-नागभीड नॅरोगेज गाडी भिवापूरवरून जात असे. २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी ती बंद झाली. माल आता रस्त्याने नागपूरच्या कळमना बाजारात जातो.

याच मोसमाच्या उत्तरार्धात चैत्री ओळी येते. दुकानात लाल मिरचीची थप्पी आणि घरात नऊ दिवसांचे आयंबिल, म्हणजे पानात तेल नाही, तूप नाही, तिखटही नाही. ज्या वस्तूवर घर चालते तिचाच स्वाद स्वेच्छेने सोडण्याचे हे बळ मला नेहमीच विलक्षण वाटत आले आहे.

गहाण न ठेवता येणारी मालमत्ता

२०१६-१७ मध्ये भिवापूर मिरचीला भौगोलिक मानांकन मिळाले. गावाचा गौरव झाला. परंतु शेतातील चित्र तेवढे आनंदाचे नाही. संकरित वाणांचे उत्पन्न अधिक, चुरडा-मुरडा रोगाचा तडाखा मोठा आणि मजुरी महाग. त्यातच मिरचीत परागीकरण शेजारच्या झाडांवरूनही होते. बाजूच्या वावरात संकरित वाण असला की घरचे बी दोन-चार हंगामांत शुद्ध राहत नाही. गावरान भिवापुरी लावणारे कास्तकार कमी होत चालले आहेत. बाजारात ‘भिवापुरी’ या नावाला मात्र तोटा नाही.

या मानांकनाचा १९९९ चा कायदा बँकेत काम केलेल्या माणसाला मोठा रोचक वाटतो. जमीन गहाण ठेवता येते, माल तारण ठेवता येतो, व्यापारचिन्हही विकता येते. भौगोलिक मानांकन मात्र विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही, कोणाला परवान्याने देताही येत नाही. ते त्या प्रदेशातील सर्वांचे असते. नोंदणी दहा वर्षांची, पुढे नूतनीकरण करता येते. वापरणाऱ्याने अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची वेगळी नोंद करावी लागते. आणि कायद्याच्या व्याख्येत ‘उत्पादक’ म्हणजे केवळ पिकविणारा नव्हे. प्रक्रिया करणारा, पॅकिंग करणारा आणि त्या मालाचा व्यापार करणाराही त्यात येतो.

याचा अर्थ स्पष्ट आहे. या नावाची राखण करण्याची जबाबदारी शेतकऱ्याइतकीच गल्ल्यावर बसलेल्या माणसाची आहे. परप्रांतातील मिरची भिवापुरीच्या पोत्यात भरणे, वजनासाठी पाणी मारणे, तिखटात रंग मिसळणे हे सरकारी नियमांना मंजूर नाहीच. आपल्या अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांतही खोटे माप आणि प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे नकली माल अस्सल म्हणून देणे, यांना शतकानुशतके स्थान आहे. चोरी तिजोरीचीच होते असे नाही. एका गावाच्या नावाचीही होते.

उपाय फार अवघड नाहीत. खऱ्या भिवापुरीची थप्पी वेगळी ठेवावी, पोत्यावर गाव आणि हंगाम लिहावा. अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी. गावरान बी जपणाऱ्या चार-दोन कास्तकारांशी पेरणीपूर्वीच भावाचा शब्द द्यावा आणि तो पाळावा. कारण चार पैसे जास्त मिळण्याची खात्री असल्याशिवाय कमी उत्पन्नाचे बी कोणी जपणार नाही. संकरित मिरचीही विकावी, पण तिच्या स्वतःच्या नावाने.

घरात आणखी एक काम आहे. आजीच्या वडाभाताचे प्रमाण, तिखट कुटताना घालायच्या जिनसा, तान्ह्या पोळ्याचे रिवाज, आणि बोजारा, पऱ्हे, पुंजणे असे शब्द एका वहीत उतरवून घ्यावेत. मुले पुण्या-बंगळुरूला गेली की तिखटाचा डबा कुरिअरने पोहोचतो. शब्द तसे पोहोचत नाहीत, ते हाताने लिहूनच द्यावे लागतात.

आपल्या वाडवडिलांनी या मुलखात पाऊल ठेवले तेव्हा त्यांच्याजवळ भांडवल थोडे होते. गावाने त्यांना उधारीवर विश्वास दिला, भाषा दिली, चव दिली. त्या खात्यावरील बाकी फेडण्याची वेळ आता आपली आहे, आणि ती फेड भिवापूरचे नाव खरे ठेवूनच होईल.