मणक्याच्या शस्त्रक्रियेतील चेतासंदेशांचे निरीक्षण आणि भुलीच्या औषधांचा परिणाम

प्रस्तावना :

वाकलेला कणा सरळ करणे, मणक्यांत स्क्रू बसविणे किंवा गाठ काढणे या शस्त्रक्रिया मेरुरज्जूच्या अगदी निकट केल्या जातात. मेरुरज्जू ताणला गेला अथवा त्याचा रक्तपुरवठा घटला, तर रुग्णाच्या पायांतील शक्ती कायमची जाऊ शकते. आणि भूल दिलेला रुग्ण तसे सांगू शकत नाही. १९७३ मध्ये व्होझेल, स्टॅग्नारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्रान्समध्ये 'जागृती चाचणी' मांडली. तीत शस्त्रक्रिया थांबवून रुग्णास अंशतः जागे केले जाते व पाय हलविण्यास सांगितले जाते. मात्र ही चाचणी केवळ त्या क्षणाचेच उत्तर देते. त्यामुळे विद्युत संदेशांद्वारे सतत निरीक्षण करण्याची पद्धत विकसित झाली. प्रस्तुत लेखात या निरीक्षणावर भुलीच्या औषधांचा होणारा परिणाम विशद केला आहे.

निरीक्षणाचे दोन मार्ग :

पहिल्या पद्धतीत घोट्याजवळील किंवा मनगटाजवळील चेतातंतूला सौम्य विद्युत उद्दीपन देऊन मेंदूपर्यंत पोहोचणारा संवेदी तरंग नोंदविला जातो. हा संदेश मुख्यतः मेरुरज्जूच्या मागील भागातून जातो. दुसऱ्या पद्धतीत डोक्याच्या त्वचेवरून मेंदूस उद्दीपन देऊन हातापायांच्या स्नायूंतील प्रतिसाद मोजतात. जागृत माणसात असे उद्दीपन शक्य असल्याचे मर्टन व मॉर्टन यांनी १९८० मध्ये दाखविले. मेरुरज्जूच्या पुढील सुमारे दोन-तृतीयांश भागास स्वतंत्र रोहिणी रक्त पुरविते. ती बाधित झाल्यास संवेदी तरंग शाबूत राहूनही हालचालीची शक्ती जाऊ शकते. म्हणूनच दोन्ही पद्धती परस्परपूरक ठरतात.

औषधांचा परिणाम :

भुलीची औषधे प्रामुख्याने चेतापेशींच्या संधिस्थानी कार्य करतात. साहजिकच संदेशाच्या मार्गात अशी स्थाने जितकी अधिक, तितका परिणाम अधिक. आयसोफ्लुरेन, सेव्होफ्लुरेन व डेस्फ्लुरेन ही श्वासावाटे दिली जाणारी औषधे मात्रेनुसार तरंगाची उंची कमी करतात व तो पोहोचण्यास लागणारा वेळ वाढवितात. स्नायूंचे प्रतिसाद तर त्यांच्या अल्प मात्रेनेही क्षीण होतात. नायट्रस ऑक्साइडही तरंगाची उंची घटविते. त्यामुळे शिरेवाटे प्रोपोफॉल व अफूवर्गीय वेदनाशामक देण्याची पद्धत अधिक पसंत केली जाते. प्रोपोफॉलही अधिक मात्रेत प्रतिसाद दाबते. अफूवर्गीय औषधांचा परिणाम तुलनेने अल्प असतो. याउलट केटामीन व एटोमिडेट यांमुळे संवेदी तरंगाची उंची वाढू शकते.

स्नायू शिथिल करणाऱ्या औषधांची गोष्ट निराळी आहे. ती चेतातंतू व स्नायू यांमधील संदेश रोखतात. परिणामी स्नायूंचा प्रतिसाद नाहीसा होतो; परंतु स्नायूंची विद्युत हालचाल थांबल्याने संवेदी तरंग अधिक स्पष्ट दिसतो. म्हणून श्वासनलिकेत नळी घालण्यापुरते अल्पकालीन औषध देऊन नंतर ते टाळले जाते. अशा वेळी उद्दीपनाने जबडा आवळला जातो. जीभ चावली जाऊ नये यासाठी दातांमध्ये मऊ आधार ठेवतात.

अर्थनिर्णय :

संवेदी तरंगाची उंची मूळ नोंदीच्या तुलनेत ५० टक्क्यांनी घटणे किंवा वेळ १० टक्क्यांनी वाढणे ही सामान्यतः धोक्याची खूण मानली जाते. परंतु भुलीची मात्रा वाढणे, रक्तदाब घटणे व शरीर थंड होणे यांमुळेही असा बदल घडतो. सर्व अवयवांतील संदेश एकाच वेळी मंदावल्यास औषध, रक्तदाब वा तापमान यांचा संशय येतो. हातांचे संदेश पूर्ववत राहून केवळ पायांचेच घटल्यास पाठीतील शस्त्रक्रियेच्या जागी इजा झाल्याची शक्यता वाढते. अशा वेळी रक्तदाब वाढविणे, दिलेला ताण सैल करणे किंवा बसविलेला स्क्रू तपासणे हे उपाय तातडीने योजावे लागतात.

समारोप :

खोटा इशारा मिळाल्यास आवश्यक शस्त्रक्रिया अर्धवट राहते. खरा इशारा भुलीचा परिणाम समजून दुर्लक्षिला गेल्यास रुग्ण पाय गमावून बसतो. यास्तव मूळ नोंद घेतल्यानंतर भुलीची मात्रा शक्यतो स्थिर ठेवणे आणि प्रत्येक बदल निरीक्षकास तत्काळ कळविणे अगत्याचे आहे. पडद्यावरील तरंगाचा अर्थ भूलतज्ज्ञ, शल्यचिकित्सक व निरीक्षक यांच्या परस्पर संवादातूनच निश्चित होतो.