कागदावरचे मालक

(रेडिओवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित अंश)

बेसबॉलचा हंगाम मार्चअखेर सुरू होतो आणि ऑक्टोबरात, फार तर नोव्हेंबरच्या सुरुवातीला संपतो. डिसेंबरात बोस्टनच्या मैदानावर कोणी चेंडूला हात लावत नाही. पण बेसबॉलवरची सगळ्यांत कडाक्याची भांडणं मी ऐकली ती डिसेंबरातच. १९९८ ते २००९ अशी अकरा वर्षं मी नोकरीसाठी बोस्टनमध्ये होतो. जेवणाच्या सुट्टीत आमच्या ऑफिसातले आठ-दहा जण एकत्र बसायचे आणि संघाने कोणता खेळाडू द्यावा, कोणता घ्यावा, यावर तावातावाने बोलायचे. जणू संघ यांच्याच वडिलांचा! अमेरिकन लोक या हिवाळी गप्पांना 'हॉट स्टोव्ह लीग' म्हणतात, म्हणजे शेगडीभोवती बसून खेळायची स्पर्धा. आपल्याकडे पारावर बसून सरकारं पाडतात आणि बसवतात, तसंच हे.

सुरुवातीला मला त्यातलं ओ की ठो कळत नसे. क्रिकेटच्या माणसाला बेसबॉल समजायला फार वेळ लागत नाही. अडचण खेळाची नव्हती, 'ट्रेड'ची होती. तेव्हा आयपीएल नव्हती. मुंबईचा खेळाडू मुंबईचा, कर्नाटकचा कर्नाटकचा, एवढंच मला ठाऊक. एका ज्येष्ठ सहकाऱ्याने मला हे प्रकरण समजावलं. आकडे त्यांना इतके तोंडपाठ की मी मनातल्या मनात त्यांना मास्तर म्हणत असे. इथेही तसंच म्हणतो.

आपल्या जिल्हा परिषदेच्या शिक्षकांत 'आपसी बदली' असते. दोघांनी एकमेकांच्या जागी जायचं. ट्रेड ही तशीच, फक्त दोघांपैकी कोणालाही न विचारता, दोन संघांच्या कचेऱ्यांनी परस्पर ठरवलेली. युरोपातले फुटबॉल क्लब खेळाडूसाठी पैसे मोजतात. बेसबॉलमध्ये आता बहुतेक व्यवहार माणसाच्या बदल्यात माणूस असाच होतो. एक नामवंत पिचर द्यायचा आणि तीन होतकरू पोरं घ्यायची. संध्याकाळी फोन येतो आणि एक-दोन दिवसांत तो माणूस दुसऱ्या शहरात दुसरी टोपी घालून मैदानात उतरतो. बायको-मुलं मागाहून. ज्याची मेजर लीगमध्ये दहा वर्षं झाली आहेत आणि त्यांतली शेवटची पाच एकाच संघात गेली आहेत, त्याला नाही म्हणता येतं. काही बडे खेळाडू करारातच तशी अट घालून घेतात. बाकीच्यांनी सामान बांधायचं.

एकाने बांधलं नाही. कर्ट फ्लड हा सेंट लुईस संघाचा मोठा खेळाडू. बारा हंगाम तिथे काढल्यावर १९६९ साली त्याला फिलाडेल्फियाला पाठवायचं ठरलं. त्याने बेसबॉलच्या आयुक्तांना पत्र लिहून कळवलं की, मी विकायची-घ्यायची वस्तू नाही. कृष्णवर्णीय माणसाने हे लिहिणं याला अमेरिकेत काय अर्थ आहे, ते सांगायला नको. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७२ मध्ये पाच विरुद्ध तीन मतांनी हरला. खेळाचं आयुष्यही जवळजवळ संपलंच. पण त्यानंतर तीनच वर्षांनी, १९७५ मध्ये, दुसऱ्या दोघा खेळाडूंच्या बाजूने लवादाचा निकाल लागला आणि करार संपल्यावर हवं तिथे जाण्याची मोकळीक खेळाडूंना मिळाली. आजचे प्रचंड पगार त्या निकालातून आले. ट्रेड मात्र राहिली. करार चालू आहे तोवर बदली आहेच.

बोस्टनच्या माणसाशी या विषयावर बोलताना जपून बोलावं लागतं, कारण ती जुनी जखम आहे. बोस्टन रेड सॉक्सच्या मालकाने बेब रूथ हा खेळाडू न्यूयॉर्क यांकीजला एक लाख डॉलरना विकला. जानेवारी १९२०ची ही बातमी. रेड सॉक्सने १९१८ साली विजेतेपद मिळवलं होतं. पुढचं मिळायला २००४ साल उजाडावं लागलं. मधल्या काळात यांकीजनी ते सव्वीस वेळा पटकावलं. लोक याला शाप म्हणत. मास्तर शाप वगैरे मानत नसत. ते म्हणत, शाप कसला, व्यवहार चुकला! आणि पुराव्याला दुसरी गोष्ट काढत. १९९०च्या ऑगस्टअखेर रेड सॉक्सला हंगामाच्या शेवटच्या महिन्यासाठी एक पिचर हवा होता. ह्यूस्टनने लॅरी अँडरसन दिला आणि बदल्यात जेफ बॅगवेल नावाचा एक अननुभवी पोरगा घेतला. अँडरसन पंधरा सामने खेळून निघून गेला. बॅगवेलने ह्यूस्टनसाठी ४४९ होमरन मारले. ही गोष्ट मास्तर इतक्या वेळा सांगत, की तारखेसकट मला पाठ झाली.

आता तुम्ही म्हणाल, ज्यांच्या हातात काहीच नाही अशी माणसं एवढी भांडतात का? तर त्यांच्या हातात काही तरी असावं, म्हणूनच एकाने एक खेळ काढला.

डॅनियल ओक्रंट हा न्यूयॉर्कचा लेखक-संपादक. पुढे 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये वाचकांच्या वतीने वर्तमानपत्राची झाडाझडती घेणारा पहिला संपादक झाला, तोच हा. १९८० साली त्याने आणि त्याच्या मित्रांनी एक लीग सुरू केली. ज्या हॉटेलात ते जेवायला जमत, त्याच्या नावावरून तिचं नाव पडलं 'रोटिसरी लीग'. आज जिला फँटसी लीग म्हणतात ती मुख्यतः यातून वाढली. समाजशास्त्राच्या एका प्राध्यापकाने, विल्यम गॅमसन यांनी, १९६०मध्येच हार्वर्डला असा एक साधा खेळ मांडला होता, पण लिलाव आणि ट्रेड यांची खरी चटक लावली ओक्रंटने. गंमत म्हणजे स्वतः तो आपली लीग कधी जिंकला नाही.

रूढ झालेली पद्धत अशी. दहा-बारा जण जमतात. प्रत्येकाजवळ लुटुपुटूचे २६० डॉलर. खऱ्या खेळाडूंच्या नावांचा लिलाव होतो आणि त्यांतून प्रत्येकाने तेवीस जणांचा कागदी संघ उभा करायचा. मग सहा महिने ते खेळाडू आपापल्या खऱ्या संघांतून खेळतात आणि त्यांचे होमरन, चोरलेले बेस, जिंकलेले सामने इकडे तुमच्या खात्यावर जमा होतात. यांत प्रत्येक सदरात पहिला कोण, दुसरा कोण, असं लावून गुण द्यायचे. बेसबॉलला हे अगदी फिट्ट बसतं, कारण त्यात प्रत्येक चेंडूची नोंद आहे आणि हंगामात प्रत्येक संघाचे १६२ सामने असतात. पूर्वी ही बेरीज-वजाबाकी वर्तमानपत्रातला धावफलक पाहून हाताने करत. नंतर संगणक आला आणि लाखो लोक मालक झाले. नावं आणि आकडे वापरायला आमचा परवाना हवा, असं बेसबॉलवाले म्हणू लागले, तेव्हा एका संघीय अपील न्यायालयाने २००७ मध्ये सांगितलं की ही सर्वांसमोरची माहिती आहे, कोणीही वापरावी.

हंगाम चालू असताना कागदी मालक आपापसांत ट्रेड करतात. तुझ्याकडे पिचर जास्त, माझ्याकडे बॅटर जास्त, चल, एक-एक बदलू. आणि सगळी रामायणं इथे घडतात. ट्रेड एकतर्फी वाटली तर बाकीचे मत देऊन ती रद्द करू शकतात. त्यावरून आमच्या ऑफिसात जेवढी कटुता मी पाहिली, तेवढी पगारवाढीवरूनही पाहिली नाही.

मी स्वतः २००२ मध्ये लीगमध्ये शिरलो. पहिला धक्का मैदानावरच बसला. फेनवे पार्कला रेड सॉक्स विरुद्ध यांकीज सामना बघत होतो. यांकीजच्या बॅटरने होमरन मारला आणि मी टाळी वाजवली. तो माझ्या कागदी संघात होता ना! शेजारच्या म्हाताऱ्याने माझ्याकडे जे पाहिलं, ते मी विसरलेलो नाही. त्याला काय समजावणार?

दुसरी गोष्ट सांगायला बरी वाटत नाही. २००३च्या मे महिन्यात एका सकाळी मी वाचलं की माझ्या एका पिचरचं कोपर दुखतंय आणि तो डॉक्टरांकडे गेलाय. पिचरच्या कोपरातला अस्थिबंध फाटला की 'टॉमी जॉन' नावाची शस्त्रक्रिया करतात. १९७४ मध्ये पहिली झाली ती ज्या खेळाडूवर, त्याचंच हे नाव. त्यानंतर वर्षभर किंवा जास्तच घरी बसावं लागतं. मास्तरांच्या आई त्या आठवड्यात इस्पितळात होत्या, त्यांनी पेपर उघडला नव्हता. मी त्यांना गाठलं आणि तो पिचर देऊन एक चांगला बॅटर घेतला. दुपारपर्यंत सगळ्यांना बातमी कळली. बाकीचे खवळले, ट्रेड रद्द करायला निघाले. मास्तरांनीच त्यांना थांबवलं. "झाली ती झाली," म्हणाले. पुढचे कितीतरी दिवस ते स्वतःच्या टेबलावर एकटेच जेवत होते. खऱ्या संघांच्या कचेऱ्या एकमेकांचे वैद्यकीय अहवाल तपासल्याखेरीज ट्रेड पक्की करत नाहीत. का, ते मला त्या आठवड्यात कळलं.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात रेड सॉक्स अ‍ॅलेक्स रॉड्रिग्जला आणणार अशी हवा उठली. दहा वर्षांना २५ कोटी २० लाख डॉलर असा त्याचा करार. तो स्वतः पगार कमी करून यायला तयार होता, पण खेळाडूंच्या संघटनेने एवढी कपात मान्य केली नाही आणि फेब्रुवारीत तो गेला यांकीजकडेच! त्या बेतात नोमार गार्सियापारालाही शिकागोच्या एका संघाकडे धाडायचं घाटत होतं. नोमार म्हणजे बोस्टनचा लाडका. १९९९ आणि २००० अशी लागोपाठ दोन वर्षं लीगमधली सर्वोत्तम फलंदाजी सरासरी त्याची. मास्तरांचं मत मात्र स्पष्ट होतं: त्याला द्या. टाच दुखावलीय, करार संपत आलाय, आज किंमत येईल, उद्या येणार नाही. सात महिने ते हे बोलत होते आणि आम्ही कागदी मालक माना डोलवत होतो.

३१ जुलै २००४, शनिवार. ट्रेडची मुदत संपायचा दिवस. चार संघांच्या एका मोठ्या व्यवहारात नोमार शिकागोच्या कब्ज संघाकडे गेला. संध्याकाळी मास्तरांचा फोन आला. कोपराच्या प्रकरणानंतर त्यांनी मला घरी फोन केला नव्हता. मला वाटलं, आनंद सांगायला केलाय. पण ते हळू आवाजात बोलत होते. त्यांची बारा वर्षांची मुलगी नोमारचा पाच नंबरचा शर्ट घालून जिन्यात बसली होती आणि उठायला तयार नव्हती. "बाबा, तुम्हीच म्हणत होता ना, त्याला द्या म्हणून?" एवढंच ती म्हणाली होती. मास्तरांजवळ उत्तर होतं, आकड्यांसकट होतं. ते त्यांनी तिला दिलं नाही.

ऑक्टोबरात रेड सॉक्स जिंकले. शहाऐंशी वर्षांनी. म्हणजे हिशोब बरोबरच होता.

आपल्याकडेही हे आता परकं राहिलेलं नाही. २००८मध्ये आयपीएलचा पहिला लिलाव मुंबईत झाला. त्याच वर्षी 'ड्रीम इलेव्हन'ही सुरू झालं. मात्र तिथे जोर एकेका सामन्यावर आणि पैसे लावण्यावर होता. मित्रांनी सहा महिने सांभाळायच्या लीगची सर त्याला नाही, असं माझं मत. ऑगस्ट २०२५मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा झाला आणि तिथल्या पैशांच्या स्पर्धा थांबल्या. ट्रेडचा चटका मात्र आपल्याला बसून गेला आहे. हार्दिक पंड्या गुजरातकडून परत मुंबईत आला आणि कर्णधार झाला, तेव्हा २०२४च्या एप्रिलमध्ये वानखेडेवर मुंबईच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. तीन महिन्यांनी, विश्वचषक घेऊन तो त्याच मैदानावर आला, तेव्हा त्याच्याच नावाचा घोष चालला होता.

मी पुण्याला परतून दहा वर्षं होऊन गेली होती, तेव्हा फेब्रुवारी २०२०मध्ये भल्या पहाटे मास्तरांचा फोन आला. बोस्टनने मूकी बेट्सला लॉस एंजेलिसला देऊन टाकलं होतं. बदल्यात तिघे तरुण. मी सवयीने हिशोब मांडायला लागलो. करार वर्षाअखेर संपतोय, तो राहीलच याची खात्री नाही, फुकट जाण्यापेक्षा तिघे मिळाले ते काय वाईट? मास्तरांनी मला पुरतं बोलू दिलं. मग म्हणाले, "हे सगळं मला ठाऊक आहे रे. मुलीच्या मुलाला नाताळात बेट्सचा पन्नास नंबरचा शर्ट मीच आणून दिला. चार वर्षांचा आहे. आत्ता तोच घालून झोपलाय. सकाळी त्याला कोणी सांगायचं, यावर आमच्या घरात वाद चाललाय."