वारबेर्गचा किल्ला

स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावर, कात्तेगात समुद्राच्या काठी वारबेर्ग हे गाव वसले आहे. तेथील जुन्या किल्ल्यासह हा सारा हालांड प्रांत एके काळी डेन्मार्कचा होता. १६४५ च्या तहाने तो तीस वर्षांच्या तारणादाखल स्वीडनकडे आला आणि १६५८ मध्ये कायमचा त्याचा झाला. किल्ल्याचे धनी असे बदलले. परंतु कार्ल नोर्डस्ट्रॉम याने १८९३ साली रंगविलेल्या त्याच्या चित्राचीही कथा काही कमी मनोरंजक नाही.

नोर्डस्ट्रॉम पॅरिसकडे शिकून आलेला. उघड्या हवेत बसून क्षणाक्षणाचा प्रकाश टिपण्याची फ्रेंच रीत त्याने आत्मसात केली होती. मात्र वारबेर्गला रिकार्ड बेर्ग आणि निल्स क्रूगर या मित्रांच्या सहवासात त्याने ती बाजूला ठेवली. गोगँच्या चित्रांचा प्रभाव या तिघांवर पडला होता. त्यामुळे येथे बारीकसारीक तपशील गळून पडतात. मावळत्या उजेडातील आकाशाखाली किल्ल्याची गडद, बसकी आकृती तेवढी उरते. स्थळाच्या हुबेहूब नोंदीपेक्षा त्या स्थळाचा भाव त्याला अधिक मोलाचा वाटला, आणि स्वीडिश निसर्गचित्राला लागलेले हे वळण इष्टच म्हटले पाहिजे.

हे चित्र राजपुत्र ऑयगेन याच्या संग्रहात गेले, ही गोष्ट दिसते तितकी साधी नव्हे. राजे दुसरे ऑस्कर यांचा हा धाकटा मुलगा स्वतः चित्रकार. नोर्डस्ट्रॉम मात्र सरकारमान्य कला अकादमीविरुद्ध बंड करून १८८६ मध्ये स्थापन झालेल्या कलावंत संघाचा पुढारी. राजघराण्यातल्या माणसाने बंडखोराचे चित्र आपल्या घरी लावावे, यात रसिकतेइतकेच धैर्यही होते.

स्टॉकहोममधील युरगॉर्डन बेटावर ऑयगेनने वाल्डेमार्सउदे हा वाडा बांधला. त्याच बेटावर एर्न्स्ट थील या सावकाराचेही चित्रांनी भरलेले घर होते; दोन्ही इमारतींचा वास्तुकार एकच, फर्डिनांड बूबेरी. परंतु पहिल्या महायुद्धानंतर थीलचे वैभव ओसरले. घर फिरले की वासेही फिरतात; त्याचा संग्रहही विखुरला असता, पण १९२४ मध्ये सरकारने तो घरासकट पंधरा लाख क्रोनरांना विकत घेतला. ऑयगेनवर तशी पाळी आली नाही. वाडा, बाग आणि भिंतींवरची सर्व चित्रे त्याने मृत्युपत्राने राष्ट्राला दिली. १९४७ मध्ये थील आणि ऑयगेन हे दोघेही निवर्तले. पुढच्याच वर्षी वाल्डेमार्सउदेचे दरवाजे सर्वांसाठी उघडले, आणि वारबेर्गचा तो किल्ला राजपुत्राच्या खाजगी दालनातून सार्वजनिक संग्रहालयात आला.