प्रवासाचा ताप

मी मराठीचा प्राध्यापक; गुरांच्या दुखण्याशी माझा संबंध शब्दापुरता. अमेरिकेत मांसासाठी हजारो वासरे एकेका आवारात धान्य चारून पुष्ट करतात. तेथे पोचल्यावर पहिल्या काही आठवड्यांत त्यांना जो ताप-खोकला धरतो, त्याला तिकडचे गुरेवाले म्हणतात ‘प्रवासाचा ताप’. निम्मे निदान या नावातच आहे!

१९५० नंतरच्या दशकात या आवारांतून एक विषाणू ओळखला गेला. कुळ आपल्या नागिणीचेच. एकदा शिरला की तो डोक्यातील मज्जातंतूंच्या गाठीत निपचित पडून राहतो. आईची ताटातूट, बाजारातली दाटी, मालमोटारीतला उपाशी प्रवास, एवढ्या हालांनी तो जागा होतो, कळपभर पसरतो आणि श्वासनलिकेचे अस्तर खरवडतो. मग एरवी नाकात गुमान राहणारे जंतू थेट फुफ्फुसांत उतरतात. दार विषाणू उघडतो; घर जंतू लुटतात.

उपाय ठाऊक आहे. पाठवणीआधी काही आठवडे वासराचे दूध तोडावे, लस टोचावी, गव्हाणीची सवय लावावी. पण खर्च विकणाऱ्याचा आणि लाभ घेणाऱ्याचा. म्हणून पुष्कळदा ते राहूनच जाते. औषध सापडले आहे, वाचकहो; अडले आहे ते हिशेबापाशी!