घटक ६ : निरोप घेण्याची भाषा – वर्ग मध्येच सोडण्याचा शिष्टाचार आणि परिणाम

६.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला :
• निरोप घेणे ही दोन व्यक्तींनी मिळून पूर्ण करावयाची भाषिक कृती आहे, हे स्पष्ट करता येईल.
• परवानगी मागणाऱ्या मराठी वाक्यरचनांतील अर्थभेद सांगता येतील.
• वर्ग लवकर सोडण्याचे शैक्षणिक आणि सामाजिक परिणाम विशद करता येतील.
• प्रसंगानुरूप निरोपाची वाक्ये योजता येतील.

६.१ प्रास्ताविक

मागील घटकात आपण संबोधनांचा विचार केला. ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांच्या निवडीतून बोलणाऱ्याचे ऐकणाऱ्याशी असलेले नाते कसे व्यक्त होते, हे पाहिले. प्रस्तुत घटकात त्याच विचाराचा विस्तार एका रोजच्या प्रसंगापर्यंत करावयाचा आहे. तास संपण्यापूर्वी विद्यार्थ्याला वर्गातून जावे लागते, तो हा प्रसंग. वरवर पाहता हा शिस्तीचा विषय वाटतो. भाषेच्या अभ्यासकाला मात्र त्यात विनंती, कारण, संमती, नकार आणि मौन असे संवादाचे अनेक घटक एकवटलेले दिसतात.

विवेचनासाठी सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांतील परिस्थिती घेतली आहे. येथील महाविद्यालयांत आणि अभ्यासकेंद्रांत शिकणारे बरेच विद्यार्थी रोज गावाहून ये-जा करतात. त्यामुळे ‘लवकर निघणे’ हा त्यांच्यापुढील खरा आणि वारंवार येणारा प्रश्न आहे.

६.२ विषय-विवेचन

६.२.१ शब्दांची साक्ष

जाण्याच्या प्रसंगी मराठीत जे शब्द योजले जातात, त्यांचा अर्थ पाहण्यासारखा आहे. ‘निरोप’ या शब्दाला संदेश आणि जाण्याची अनुमती असे दोन्ही अर्थ आहेत. आपण निरोप ‘घेतो’, याचाच अर्थ समोरच्याने तो ‘द्यावा’ लागतो. ‘रजा’ हा शब्द अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला. त्याचा मूळ अर्थ संमती किंवा राजीखुशी असा आहे. कामावर न येण्याचा दिवस हा अर्थ नंतरचा. औपचारिक प्रसंगी ‘आता आज्ञा असावी’ असे म्हणून पाहुणा उठतो. संस्कृतात निरोप घेण्यासाठी योजला जाणारा ‘आपृच्छ्’ हा धातू तर ‘प्रच्छ्’, म्हणजे विचारणे, यावरूनच तयार झालेला आहे.

या सर्व शब्दांमागील कल्पना एकच आहे. जाणाऱ्याने विचारावे आणि राहणाऱ्याने होकार द्यावा, तेव्हा जाणे पूर्ण होते.

याउलट विद्यार्थ्यांच्या बोलीतील शब्द पाहा : दांडी मारणे, कल्टी मारणे, सटकणे. या क्रिया करणारा एकटाच असतो; दुसऱ्या व्यक्तीला त्यांत जागा नाही. ‘मी सरांकडून रजा घेतली’ असे म्हणता येते, पण ‘मी सरांकडून कल्टी घेतली’ असे म्हणता येत नाही. निरोप आणि पलायन यांतील भेद असा भाषेनेच नोंदवून ठेवला आहे.

‘येतो’ या रूपाचाही येथे विचार केला पाहिजे. घरातून निघताना ‘जातो’ म्हणणे अशुभ मानले जाते, म्हणून मराठी माणूस ‘येतो’ म्हणून निघतो. परंतु ‘येतो’ म्हणताना भेट पूर्ण झाली आहे, हे गृहीत असते. तास चालू असताना मध्येच उठून ‘सर, येतो’ म्हटले तर ते विचित्र वाटते, कारण तेथे भेट अजून अपुरी असते. एका संदर्भातील सभ्य वाक्य दुसऱ्या संदर्भात खटकते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

६.२.२ चार वाक्ये, चार भूमिका

पुढील वाक्ये मोठ्याने वाचा.

(१) सर, मी निघतो.
(२) सर, मी निघू का?
(३) सर, मला साडेचारला निघावे लागेल.
(४) सर, साडेचारला निघालो तर चालेल का?

चारही वाक्यांत सांगण्याची माहिती जवळजवळ एकच आहे. वक्त्याची भूमिका मात्र प्रत्येक वाक्यात वेगळी आहे.

वाक्य (१) ही घोषणा आहे. निर्णय झालेला असून शिक्षकाला तो फक्त कळवला जात आहे.

वाक्य (२) मधील ‘निघू’ हे आज्ञार्थाचे प्रथमपुरुषी रूप आहे. आज्ञार्थ असूनही येथे आज्ञा केली जात नाही. ती मागितली जाते. वक्ता स्वतःच्या कृतीचा निर्णय दुसऱ्याच्या हाती देतो.

वाक्य (३) मध्ये कर्ता ‘मी’ न राहता ‘मला’ होतो. ‘लागेल’ हे क्रियापद वक्त्याच्या लिंगवचनाप्रमाणे बदलत नाही. जाणे ही वक्त्याची इच्छा नसून त्याच्यावर आलेली गरज आहे, असे ही रचना सुचवते. म्हणून अडचण सांगताना ती सहजपणे वापरली जाते. तिच्यात प्रश्न नाही, हे मात्र लक्षात ठेवले पाहिजे. शिक्षकाला होकार देण्यासाठी जागा उरत नाही.

वाक्य (४) मध्ये ‘निघालो तर’ या संकेतार्थी रचनेमुळे जाणे ही केवळ एक शक्यता म्हणून मांडली जाते. नकार द्यायचा झाल्यास शिक्षकाला तो अवघडल्याशिवाय देता येतो.

व्यवहारात (३) आणि (४) एकत्र आल्यास उत्तम विनंती तयार होते. एक वाक्य कारण सांगते, दुसरे निर्णय समोरच्याकडे सोपवते.

बोलीभाषेविषयी एक सूचना. कोल्हापूर व त्याच्या आसपासच्या भागातील बोलीत स्त्रियाही ‘मी जातो’, ‘मी आलो’ अशी रूपे योजतात. प्रमाण मराठीची सवय असलेल्या बाहेरच्या शिक्षकाला ‘मॅडम, मी निघतो’ हे विद्यार्थिनीचे वाक्य आडदांड वाटू शकते. प्रत्यक्षात ते त्या बोलीच्या नियमानुसार अगदी साधे व योग्य वाक्य असते. शिष्टाचाराचे मोजमाप करताना बोलीचा भेद आणि उद्धटपणा यांची गल्लत होऊ नये.

६.२.३ मौनाचे दोन अर्थ

ब्रिटिश तत्त्वज्ञ जॉन ऑस्टिन यांनी १९५५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानांत असे दाखवून दिले की, बोलणे म्हणजे अनेकदा कृती करणेच असते. वचन देणे, क्षमा मागणे, परवानगी देणे या कृती शब्दांनीच घडतात. त्याच वर्षी अमेरिकी समाजशास्त्रज्ञ एर्व्हिंग गॉफमन यांनी, परस्परसंवादात प्रत्येक जण स्वतःची आणि समोरच्याची प्रतिमा सांभाळत असतो, हा विचार मांडला. पुढे पेनेलोपी ब्राऊन आणि स्टीफन लेव्हिन्सन यांनी भाषिक सभ्यतेचा सिद्धान्त त्याच पायावर उभा केला.

या विचारांच्या साहाय्याने आपला प्रसंग तपासू. एक विद्यार्थी तास चालू असताना काहीही न बोलता, मान खाली घालून दाराबाहेर जातो. शिक्षक त्याचा अर्थ ‘माझ्या शिकवण्याला किंमत नाही’ असा लावतात. विद्यार्थ्याच्या मनात मात्र वेगळेच असू शकते : ‘सर बोलत असताना मध्येच तोंड कसे उघडायचे?’ आपल्याकडे गुरूला मध्ये तोडणे अनादराचे मानले जाते. ग्रामीण भागातून आलेल्या, घरातून प्रथमच महाविद्यालयात पोहोचलेल्या विद्यार्थ्याला ही भीड अधिक असते. म्हणजे ज्या मौनाकडे शिक्षक अवमान म्हणून पाहतात, त्याच्या मुळाशी आदरही असू शकतो.

मौन स्वतः आपला अर्थ सांगत नाही. तो अर्थ ऐकणारा लावतो, आणि सामान्यतः आपल्या प्रतिमेला धक्का बसला या बाजूने लावतो. तास सुरू होण्यापूर्वी बोललेले एक वाक्य हा सगळा गैरसमज टाळते.

६.२.४ एसटीचे घड्याळ

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात छत्रपती शाहू बोर्डिंग सुरू केले. वसतिगृह हा त्यांच्या शिक्षणकार्याचा कणा होता. ‘कमवा आणि शिका’ या योजनेतील विद्यार्थी श्रम करी, शिके आणि त्याच परिसरात राही. त्याला संध्याकाळची गाडी गाठावयाची नव्हती. साताऱ्याचे छत्रपती शिवाजी कॉलेज १९४७ मध्ये याच विचारातून उभे राहिले.

गावाहून ये-जा करणाऱ्या आजच्या विद्यार्थ्याची स्थिती वेगळी आहे. पश्चिमेला जावळी, पाटण हे डोंगरी तालुके. पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, जत हे दुष्काळी टापू. तेथून सातारा, कराड, विटा किंवा सांगलीला येणाऱ्याचा दिवस एसटीच्या वेळापत्रकाने बांधलेला असतो. एसटीच्या मासिक पासावर विद्यार्थ्यांना ६६.६७ टक्के सवलत मिळते, पण तो पास वडापच्या जीपमध्ये चालत नाही. गाडी चुकली की खिशातून वेगळे पैसे जातात. आडमार्गाच्या गावाला संध्याकाळी वडापही मिळत नाही. विद्यार्थिनींच्या बाबतीत प्रश्न आणखी गंभीर होतो. दोन-चार वेळा घरी पोहोचायला अंधार झाला की ‘आता कॉलेज पुरे’ असा सूर काही घरांत निघतो. तासाची शेवटची पंधरा मिनिटे आणि तिचे पुढचे शिक्षण यांचा असा थेट संबंध असू शकतो.

मुक्त विद्यापीठाच्या विद्यार्थ्याला यात नोकरीची पाळी, दूध घालण्याची वेळ आणि घरातील जबाबदाऱ्या यांची भर घालावी लागते. म्हणूनच तास ठरलेल्या वेळी संपवणे हा शिक्षकाचाही शिष्टाचार आहे. वेळ संपल्यानंतर लांबलेल्या तासातून विद्यार्थी उठला, तर तो तास ‘लवकर’ सोडत नाही. तो वेळेवर जात असतो. अशा वेळीही ‘सर, गाडीची वेळ झाली, निघू का?’ एवढे विचारणे उचित.

६.२.५ परिणाम

कारण योग्य असले तरी परिणाम टळत नाहीत. ते तीन प्रकारचे असतात.

(अ) हजेरीवरील परिणाम : नियमित पदवी अभ्यासक्रमांसाठी सामान्यतः ७५ टक्के उपस्थिती अपेक्षित असते. समजा, एका विषयाचे आठवड्याला ४ तास याप्रमाणे १५ आठवड्यांत ६० तास झाले. त्यांपैकी ४५ तासांची हजेरी हवी. शिक्षक तासाच्या अखेरीस हजेरी घेत असतील आणि विद्यार्थी दर आठवड्याला एकाच तासातून लवकर निघत असेल, तर त्याच्या १५ अनुपस्थिती तेथेच भरतात. मग आजारपणासाठी एकही दिवस शिल्लक राहत नाही.

(आ) अध्ययनावरील परिणाम : तासाच्या शेवटी विवेचनाचा गोषवारा, स्वाध्याय आणि पुढील तासाची सूचना येते. नेमका तोच भाग निसटतो. शंका विचारण्याची वेळही तीच असते.

(इ) वर्गावरील परिणाम : शंभर जणांच्या वर्गातून एक जण गेला तर फारसे जाणवत नाही. अभ्यासकेंद्रावरील संपर्कसत्रात आठ-दहा जणच असतील, तर एकाच्या उठण्याने चर्चेचा धागा तुटतो. शिवाय एकामागोमाग सर्व जण न सांगता जाऊ लागले की शिक्षकाचा विश्वास उडतो, आणि खरोखर अडचण असलेल्या विद्यार्थ्याच्या विनंतीकडेही सबब म्हणून पाहिले जाते. हा तोटा ज्याने काही चूक केली नाही, त्याला सोसावा लागतो.

६.२.६ शिष्टाचार : एक नमुना

साताऱ्यातील एका अभ्यासकेंद्रावर रविवारचे संपर्कसत्र सुरू होणार आहे, अशी कल्पना करा.

विद्यार्थिनी : सर, नमस्कार. आज मला साडेचारला निघावे लागेल. दहिवडीची गाडी चुकली तर घरी पोहोचायला रात्र होते. निघाले तर चालेल का?
समंत्रक : चालेल. दाराजवळच्या बाकावर बसा. शेवटी स्वाध्यायाचे प्रश्न सांगणार आहे, ते कोणाकडून तरी घ्या.
विद्यार्थिनी : हो सर. मैत्रिणीला सांगून ठेवते.

या संवादात संबोधन, वेळ, कारण आणि प्रश्न असा क्रम आहे. कारण एकाच वाक्यात सांगितले आहे; लांबलचक कारण सबबीसारखे ऐकू येते. समंत्रकांनी ‘चालेल’ म्हणून संमती दिली आणि तिचे नुकसान टाळण्याची वाटही सांगितली. साडेचार वाजता तिला पुन्हा बोलावे लागणार नाही. विवेचनात विराम आला की उठणे, शिक्षक व फळा यांच्या मधून न जाणे आणि मान किंचित लववणे एवढे पुरेसे आहे.

अचानक अडचण उद्भवल्यास, उदाहरणार्थ प्रकृती बिघडल्यास किंवा घरून तातडीचा फोन आल्यास, आधी सांगणे शक्य नसते. तेव्हा न बोलता बाहेर जावे व नंतर भेटून कारण सांगावे. येथे निरोप उशिरा पोहोचतो, पण पोहोचतो.

६.३ सारांश

निरोप, रजा, आज्ञा हे शब्द जाण्याच्या कृतीत दुसऱ्या व्यक्तीचा सहभाग गृहीत धरतात. ‘निघतो’, ‘निघू का’, ‘निघावे लागेल’ आणि ‘निघालो तर चालेल का’ या रचनांतून वक्त्याच्या वेगवेगळ्या भूमिका प्रकट होतात. न सांगता जाण्यामागे भीड असू शकते, परंतु मौनाचा अर्थ ऐकणाऱ्याच्या हाती जातो. लवकर निघण्याचे हजेरी, अध्ययन आणि वर्ग यांवर परिणाम होतात. सातारा-सांगलीसारख्या भागात प्रवासाची अडचण खरी असल्यामुळे विद्यार्थ्याने विचारावे आणि शिक्षकाने वेळ पाळावी, अशी जबाबदारी दोघांवरही येते.

६.४ स्वाध्याय

(अ) एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. ‘रजा’ या शब्दाचा मूळ अर्थ कोणता?
२. ‘मला निघावे लागेल’ या वाक्यात क्रियापद कर्त्याप्रमाणे का बदलत नाही?

(आ) दहा ओळींत उत्तर लिहा.
१. ‘न सांगता वर्ग सोडणे हे नेहमीच अनादराचे लक्षण असते’, या विधानाची सोदाहरण चर्चा करा.

(इ) उपक्रम
आपल्या गावातील पाच वडीलधाऱ्या व्यक्ती आणि पाच विद्यार्थी निरोप घेताना कोणती वाक्ये योजतात, ते आठवडाभर ऐका व लिहून ठेवा. त्यांत निर्णय कोणाच्या हाती आहे, हे दाखवणारी रूपे अधोरेखित करून पुढील संपर्कसत्रात चर्चेला आणा.